कढीपत्त्याची मुळं ८ इंची कुंडीच्या भोकातून बाहेर आलीत, कुंडी आत्ताच बदलू का?

एखाददुसरं मूळ डोकावतंय म्हणून घाई करू नका. पाणी घातल्याघातल्या सरळ खाली निघून जातं का, सकाळी पाणी देऊनही दुपारी शेंडे मान टाकतात का, नवी पानं बारीक येतायत का, ते बघा. तरी शंका वाटली तर कुंडी आडवी करून कडेने थोपटा आणि मातीचा गोळा अलगद बाहेर काढा. गोळ्याभोवती मुळांचं वेटोळं झालंय, माती जेमतेम दिसतेय? मग वेळ झाली.

नवी कुंडी १० इंचीच घ्या, फार तर १२. मी एकदा ६ इंचीतून थेट १६ इंचीत लावलं. माती आठवडाभर ओलीच राहिली, मुळं कुजली, झाड गेलं. अजून हळहळ वाटते.

पहिले एक-दोन पाऊस पडून गेले की बदला. थंडीत नकोच, तेव्हा कढीपत्त्याची वाढ मंदावलेली असते. वेटोळं बोटांनी हलकेच सैल करा, पण मधल्या जाड मुळाला धक्का लावू नका. नंतर आठवडाभर सावलीत ठेवा. पानं गळाली तरी घाबरून खत घालू नका.