जुन्या फौजदारी खटल्याचे कागद कुठे शोधावेत?

प्रश्न : १९३० साली बिळाशीच्या जंगल सत्याग्रहात माझ्या पणजोबांना शिक्षा झाली होती, असं घरात सांगतात. कोर्टात चौकशी केली, तर ‘एवढी जुनी फाईल नाही’ म्हणाले. त्यांचा जबाब, साक्षी, निकाल यांतलं काही मिळेल का?
– एक वाचक, शिराळा

उत्तर : फाईल मागू नका, रजिस्टर मागा. माझी उभी नोकरी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली, त्या अनुभवावरून हे सांगतो.

खटला कुणापुढे चालला, हे आधी पाहा. त्या काळी मामलेदार आणि प्रांत हेच मॅजिस्ट्रेटचंही काम करत. महसूल आणि न्याय वेगळे करणारा कायदा मुंबई राज्यात १९५१ साली झाला. तोवर फौजदारी कागद बऱ्याचदा तालुका कचेरीतच, शेतसाऱ्याच्या कागदांशेजारी लाल खारव्याच्या (जाड्याभरड्या कापडाच्या) रुमालात बांधलेले असत. शिवाय तुमचा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा झाला आणि पुढे त्याचंच नाव सांगली पडलं. म्हणजे साताऱ्यालाही चौकशी करायला हवी.

आता काय लिहिलं जाई ते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे मोठ्या खटल्यात आरोपीचा जबाब प्रश्न आणि उत्तर असा पूर्ण, शक्यतो त्याच्याच भाषेत लिहायचा, त्याला वाचून दाखवायचा आणि त्याची सही घ्यायची. असे जबाब मी हाताळले आहेत. शेवटी ‘वाचून दाखविला, बरोबर आहे’ ही ओळ आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. शंभर वर्षांपूर्वीचा शेतकरी स्वतःच्या तोंडाने बोलतो असे कागद आपल्याकडे फार थोडे आहेत, म्हणून मला त्यांचं मोल फार वाटतं.

पण जंगलाच्या गुन्ह्यांचं वेगळं होतं. १९२७ च्या वन कायद्याच्या कलम ६७ खाली, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड असलेले गुन्हे खास अधिकार दिलेला मॅजिस्ट्रेट संक्षिप्त पद्धतीने चालवू शके. अपील होणार नसेल अशा संक्षिप्त खटल्यात साक्ष लिहून घेण्याचं बंधनच नव्हतं. रजिस्टरात एक आडवी नोंद करायची : अनुक्रमांक, गुन्ह्याची तारीख, फिर्यादी, आरोपीचं नाव, बापाचं नाव, राहणार कुठला, गुन्हा कोणता, कबूल की नाकबूल, निकाल, थोडक्यात कारण, शिक्षा, खटला संपल्याची तारीख. संपलं! तेव्हा पणजोबांचा जबाब हरवला असेल असं धरून चालू नका, तो कदाचित लिहिलाच गेला नसेल. त्यातून कित्येक सत्याग्रही कोर्टात बचावच करत नसत.

जे लिहिलं गेलं, तेही सगळं टिकलं नाही. १९१७ च्या कायद्याने कोर्टाचे जुने कागद नष्ट करण्याचे नियम करायचा अधिकार हायकोर्टांना मिळाला. किरकोळ खटल्यांचे कागद सगळ्यांत आधी जातात. जागेची अडचण मी रोज पाहिली आहे, तरीही १९३० आणि १९४२ च्या खटल्यांचा एकही कागद नियमावर बोट ठेवून फाडायला नको होता, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी वाट तुरुंगाची. जिथे कैद भोगली तिथल्या कैदी रजिस्टरात आत घेतल्याची आणि सोडल्याची तारीख असते. येरवडा, सातारा यांच्याबरोबर नगर जिल्ह्यातलं विसापूरही विचारा, कारण सत्याग्रही कैदी तिथेही ठेवत. अपील झालं असेल, तर सेशन कोर्टाचा निकाल पाहा.

नकलेच्या अर्जात तुमचं नातं आणि कारण स्पष्ट लिहा. जुन्या नोंदी मोडीत असू शकतात, म्हणून मोडी वाचणारं कुणीतरी सोबत न्या. आणि फक्त आडनावावर शोधू नका. त्या रजिस्टरांत आडनाव पुष्कळदा नसतंच, ‘रामा बिन सखाराम (म्हणजे सखारामचा मुलगा रामा), राहणार अमुक गाव’ एवढंच असतं. गावाच्या नावावर बोट ठेवून खाली खाली वाचत जा.