चारही नकोसे वाटत असतील, तरी चारदा बटण दाबा

‘पंचवटीतल्या आमच्या प्रभागात चार जागा आहेत, एकही उमेदवार मनात भरत नाही. नोटा दाबू की घरीच बसू?’ हा महापालिका निवडणुकीबद्दलचा तुमचा प्रश्न वाचला आणि जुनी ठणक उठली.

लोकसभा-विधानसभेला या दोन्हींनी निकाल हलत नाही. नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण, २०१३ पासून आहे, पण ती मतं वैध मतांत धरतच नाहीत. अनामत वाचवायला लागणारा सहावा हिस्सा काढतानाही नाही. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता; निवडून आलेल्याचं काय बिघडलं?

महापालिकेला मात्र गणित वेगळं आहे. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे एखाद्या जागेवर नोटाला सर्वाधिक मतं पडली, तर त्या जागेची फेरनिवडणूक होते. अर्थात एकदाच. दुसऱ्यांदाही नोटाच वर राहिला, तर उमेदवारांत जो पुढे असेल तो निवडून येतो. म्हणून फार हुरळूनही जाऊ नका.

खरी माती होते ती यंत्रापाशी. अ, ब, क, ड या चार वेगळ्या निवडणुका आहेत, प्रत्येकीची मतपत्रिका वेगळ्या रंगाची आणि प्रत्येकीच्या शेवटी स्वतंत्र नोटा. एका ‘मदत कक्षा’त मला ‘एक बटण दाबलं की झालं’ असं ठणकावून सांगितलं होतं. साफ चूक! चौथं बटण दाबल्यावरच लांब बीप येते. ‘अ’मधल्या बऱ्या माणसाला मत देऊन चालू पडलात, तर उरलेल्या तीन जागांवर तुमचा कौल द्यायचा राहूनच जातो. वर केंद्रातले कर्मचारी हाका मारतात ते वेगळंच. बीप ऐकल्याशिवाय पडद्याआडून हलू नका.

माझं मत विचाराल तर (पटलं तर घ्या) पॅनलची (एकाच पक्षाच्या चौघांची) चिठ्ठी बाजूला ठेवून जागेगणिक ठरवा. नगरसेवक काही भाषणासाठी निवडायचा नसतो. ड्रेनेज तुंबल्यावर फोन उचलतो का आणि शपथपत्रात गुन्हे किती, एवढं बघा. फिका पण फोन उचलणारा मला चालतो. जिथं तेवढाही नाही, तिथं खुशाल नोटा.

जाता जाता: नाव विधानसभेच्या यादीत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तीच यादी फोडून प्रभागवार याद्या होतात आणि रस्त्याच्या एका बाजूची घरं शेजारच्या प्रभागात जाऊन पडतात. हरकत प्रारूप यादीच्या मुदतीतच घ्यायची. नंतर खिडकीवर फक्त ‘आता काही होणार नाही’ ऐकायला मिळतं.