सलाईन का नाही लावलं?

प्रश्न : डॉक्टर, तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना गॅस्ट्रो झाला होता, वरचं बीपी ७० वर आलं, दवाखान्यात म्हणाले शॉकमध्ये गेल्यात, धडाधड बाटल्या लावल्या आणि संध्याकाळी त्या उठून चहा मागत होत्या. मागच्या महिन्यात मोठ्या दिरांना अटॅक आला, बीपी ८०, तिथेही शॉकच म्हणाले, पण सलाईन लावा लावा म्हटलं तरी लावलं नाही, उलट चालू होती ती पिशवीपण बंद केली. आमच्या माणसांनी बरीच बाचाबाची केली. दीर वाचले, पण मला कळत नाही की दोघांनाही शॉकच होता तर उपचार उलटे कसे?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, खरं सांगू का, पिशवी बंद केली म्हणूनच कदाचित वाचले.

आपल्याकडे शॉक म्हटलं की मनाला बसलेला धक्का नाहीतर करंट, एवढंच डोक्यात येतं. डॉक्टर म्हणतात तो शॉक म्हणजे मेंदू, किडनी, आतडी यांना पुरेसं रक्तच पोचत नाही. का पोचत नाही याची कारणं वेगवेगळी, आणि सगळा उपचार त्या कारणावर. तुमच्या घरची टाकी, मोटर आणि पाइप डोळ्यासमोर आणा, टाकी म्हणजे अंगातलं रक्त-पाणी, मोटर म्हणजे हृदय आणि पाइप म्हणजे रक्तवाहिन्या. सासूबाईंची टाकी रिकामी झाली होती, जुलाबातून पाणी गेलं, ते भरून दिलं की काम झालं. बाळंतपणात किंवा अपघातात रक्त जातं तेव्हाही टाकीच रिकामी होते, फक्त तिथे सलाईनवर भागत नाही, रक्त लागतं आणि वाहणारं आधी थांबवावं लागतं. दिरांची टाकी भरलेली होती, मोटर जळत होती. आता जळत्या मोटरवर अजून पाणी सोडलं तर ते पुढे जातच नाही, मागे फुप्फुसात तुंबतं आणि माणूस बसल्या जागी धापा टाकायला लागतो. तिथे बीपी धरून ठेवायचं इंजेक्शन पंपावर थेंबथेंब चालवायचं आणि पटकन अँजिओप्लास्टी करून बंद पडलेली रक्तवाहिनी उघडायची. (हृदयाच्या उजव्या बाजूचा अटॅक असेल तर थोडं सलाईन देतातही, पण ते उजवीकडचा ईसीजी काढून, बेतानं.)

तिसरा प्रकार, पाइपच सैल पडतात. रक्तात इन्फेक्शन पसरलं की असं होतं, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला पेशंटचे हात चक्क गरम लागतात त्यामुळे नातेवाइकांना वाटतं ताप आहे, बाकी काही नाही. इथे सलाईन भरपूर लागतं, ५० किलोच्या माणसाला पहिल्या तीन तासांत साधारण दीड लिटर, अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासात, तरी बीपी नाही उचललं तर ते चढवणारं इंजेक्शन नॉरअ‍ॅड्रेनालिन. गांधीलमाशी चावून किंवा इंजेक्शनच्या रिअ‍ॅक्शननं अंगावर गांधी उठून बीपी पडतं तेही यातलंच, पण त्याचं औषध अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, लगेच. अ‍ॅव्हिल हे अ‍ॅलर्जीचं नेहमीचं औषध देऊन वाट बघत बसणं मला अजिबात पटत नाही. चौथा प्रकार चोकअपचा, छातीत हवा कोंडली, हृदयाभोवती पाणी साठलं किंवा फुप्फुसात मोठी गुठळी अडकली. कोंडलेल्या हवेला तर एक्स-रेचीही वाट बघायची नसते, सुई घालून मोकळी करायची.

हे ओळखायला मशीनच्या आधी हात लागतो. मी काय करते, पेशंटचा तळवा हातात घेते, गार आहे का, घामानं चिकट आहे का, मग नख पाच सेकंद दाबून सोडते, पांढरं झालेलं परत गुलाबी व्हायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले की माझी धाकधूक सुरू. मग मानेची शीर बघते. गार हात आणि सपाट शीर म्हणजे बहुतेक टाकी रिकामी, गार हात आणि फुगलेली शीर म्हणजे मोटर नाहीतर चोकअप, तिथे छातीला स्टेथो लावल्याशिवाय बाटलीला हात लावत नाही.

घरच्यांनी बीपीच्या आकड्यावर विसंबू नये एवढं मात्र नक्की सांगेन. तरण्याताठ्या माणसाचं बीपी बऱ्यापैकी रक्त जाईपर्यंत टिकतं, त्याआधी नाडी पळायला लागते, लघवी कमी होते, माणूस उगाच चिडचिड करतो, असंबद्ध बोलतो. डेंग्यूत तर ताप उतरतो, घरचे म्हणतात सुटलो बाबा, आणि नेमकं तेव्हाच पोट दुखून, उलट्या होऊन पेशंट गार पडायला लागतो. अशा वेळी १०८ लावा, उद्या बघू म्हणू नका.

प्रश्न : आमच्याकडे विंचू चावला की हातपाय गार पडतात. तोही शॉकच का?
– एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : लाल विंचू असेल तर गार हातपाय, उलट्या आणि दरदरून घाम हा धोक्याचा इशारा. विषानं आधी रक्तवाहिन्या आवळतात, बीपी वर जातं, मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं, म्हणजे वरच्या दिरांसारखाच मोटरचा प्रकार. तुमच्याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन ही साधी बीपीची गोळी वापरून दाखवली, १९८२ साली त्यांचं विंचूदंशावरचं काम लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात आलं, आणि पूर्वी अशा गंभीर पेशंटमध्ये जे मृत्यू सर्रास व्हायचे ते खूप कमी झाले. विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही (लोक त्याला लस म्हणतात) आता मिळतं, ते आणि प्राझोसिन दोन्ही देतात. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास मात्र कुणी परत देत नाही, तेव्हा सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, आणि पेशंटला दम लागत असेल तर झोपवून नेऊ नका, बसवून न्या.