शिंपल्याचं तावदान आणि गंजकी किल्ली

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

भिंतीवर टांगायच्या कलाकृतीसाठी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या बिजागऱ्या, किल्ल्या आणि शिंपल्यांची तावदानं (गोव्यातल्या जुन्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेले पातळ शिंपले) फळीवर छान मांडली आहेस. पण गोंदाची ट्यूब इतक्यात उघडू नकोस.

गोव्यात लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. शिंपला आणि लोखंड तसं करत नाहीत. सगळं घट्ट चिकटवलं की कुठेतरी तडा जातो, आणि तो बहुधा शिंपल्यालाच. म्हणून आधी खाच, स्क्रू, तार. गोंद फक्त मदतीला.

शिंपल्याची कड जवळून बघ. पापुद्र्यावर पापुद्रा, नख लागलं तरी सुटतो. मऊ ब्रश आणि साबणाचं कोमट पाणी, एवढंच वापर. व्हिनेगर, लिंबू अजिबात नको. शिंपल्यातला चुना विरघळतो, चकाकी जाते. जुन्या खिडक्यांत तो लाकडी पट्ट्यांच्या खाचेत सरकवलेला असतो, तसाच बसव आणि कडेला 1 मिमी जागा सोड. भोक पाडायचंच असेल तर हाताने फिरवायचं ड्रिल घे, 2 मिमीचं बिट लाव, खाली लाकडाचा तुकडा ठेव आणि पाण्याचे थेंब सोडत राहा. शिंपल्याची पूड छातीत जाता कामा नये, मास्क हवाच.

किल्लीचा सगळा गंज घालवू नकोस, तिचा रंग त्यातच आहे. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढ, थिनरने पूस, मॅट लॅकरचे (चकाकी नसलेल्या पारदर्शक लेपाचे) दोन पातळ हात दे. जुलैत मात्र लॅकर मारू नकोस, दमट हवेत ते दुधी पडतं; डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. लोखंड पितळेला टेकलं की खाऱ्या हवेत लोखंड भराभर गंजतं, मध्ये प्लास्टिकची चकती घाल. पितळी बिजागरीला पितळी स्क्रूच लाव.

एपॉक्सी म्हणजे दोन भाग मिसळून वापरायचा गोंद; त्याच्या दोन्ही ट्यूब ट्यूबवर लिहिलेल्या मापानेच मिसळ. हार्डनर, म्हणजे घट्ट करणारा भाग, कमी पडला तर ते कायम चिकट राहतं. 24 तास हात लावू नकोस.

फळी 12 मिमी मरीन प्लायची (ओल सोसणाऱ्या प्लायवूडची) घे. वार्निश दोन्ही बाजूंनी दे, नाहीतर ती वाकेल. मागे चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लाव, म्हणजे ओल्या भिंतीपासून ती सुटी राहील.

आणि वस्तू फार झाल्यात, गर्दी दिसते. तावदान मुख्य ठेव, किल्ली एकच. बाकीच्या वस्तू दोन दिवस बाजूला काढून बघ, मग पेन्सिलीने जागा आख.