वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपचा कॅमेरा आणि लिनक्सचा ड्रायव्हर

या वेळी निपाणी, बेळगाव, चिकोडी आणि खानापूरहून आलेली चार पत्रं एकाच विषयावरची निघाली, म्हणून ती एकत्र घेत आहोत.

माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. दोन लॅपटॉपवर एकच लिनक्स घातलं. जुन्यावर कॅमेरा लगेच चालला. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या नव्या लॅपटॉपवर मात्र ‘कॅमेरा सापडला नाही’ असं येतं, पण विंडोजमध्ये तोच चालतो. ड्रायव्हर कुठून आणू? (निपाणी)

आधी कॅमेरा कोणत्या वायरीवर बसलाय ते बघा. ते कळल्याशिवाय काहीही डाउनलोड करू नका. जुन्या लॅपटॉपचा कॅमेरा यूएसबीवर आहे आणि यूव्हीसी या प्रमाणित पद्धतीने बोलतो. रंगीत चित्र तयार करण्याचं काम कॅमेऱ्याच्या आतच होतं. त्याचा ड्रायव्हर २००८ सालच्या २.६.२६ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (म्हणजे गाभ्यातच) आहे.

नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा नुसता सेन्सर असावा. त्याच्या मिपी सीएसआय-२ या कॅमेऱ्यासाठीच्या जोडणीच्या वायरी थेट प्रोसेसरमधल्या आयपीयू६ या चित्र हाताळणाऱ्या भागाला जातात आणि तिथे कच्चा डेटा पोचतो. खात्री करायला ‘एलएसयूएसबी’ ही यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी आज्ञा चालवा. यादीत कॅमेरा दिसला तर तो यूव्हीसीचा. दिसला नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका. कीबोर्डवरचं किंवा कडेचं कॅमेरा बंद करायचं बटण तपासा, बायोसमधली सेटिंग तपासा. काही लॅपटॉपमध्ये त्या बटणाने यूएसबी कॅमेऱ्याची वीजच तुटते आणि तो यादीतून नाहीसा होतो.

आयपीयू६ निघाला तर कर्नल ६.१० किंवा पुढचा हवा, लिनक्स-फर्मवेअर पॅकेज ताजं हवं, आणि सॉफ्टवेअर आयएसपी (कच्च्या डेटापासून चित्र बनवणारा प्रोग्रॅम) असलेली लिबकॅमेरा ही लायब्ररी (०.३.० पासून पुढे) आणि ॲपपर्यंत चित्र पोचवणारं पाइपवायर हवं. ६.१० मध्ये आला तो डेटा घेणारा भाग. सेन्सरचा ड्रायव्हर वेगळा लागतो. सेन्सर कोणता ते एसीपीआयच्या (बायोस लिनक्सला देतो त्या हार्डवेअरच्या माहितीच्या) उपकरणांच्या यादीतून कळतं: आयएनटी३४७४ म्हणजे ओम्नीव्हिजन कंपनीचा ओव्ही२७४० सेन्सर. तिथेच आयएनटी३४७२ दिसेल. तो सेन्सर नव्हे, सेन्सरच्या विजेचा नियंत्रक आहे. या दोन आकड्यांत गल्लत झाली की भलताच ड्रायव्हर शोधण्यात दिवस जातो.

व्हिडिओ नोड (कॅमेऱ्याच्या उपकरण-फाइली) डझनावारी दिसले म्हणून कॅमेरा चालू झाला असं समजू नका. त्यांतून कच्चा बेयर डेटा (प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा किंवा निळा एकच रंग) येतो, तो साध्या ॲपला वाचता येत नाही. गिऱ्हाइकाला हेही सांगून ठेवा, की सॉफ्टवेअर आयएसपीचं काम प्रोसेसरवर पडतं आणि चित्र विंडोजइतकं चांगलं येईलच असं नाही.

फायनल इयर प्रोजेक्टसाठी सेन्सरचा ड्रायव्हर लिहितोय. प्रोबमध्ये (ड्रायव्हर उपकरण ओळखतो त्या टप्प्यात) चिप आयडी वाचताना उणे १२१ येतो. विंडोजमध्ये कॅमेरा चालतो, म्हणजे हार्डवेअर ठीक आहे. कुठं चुकतंय, सर? (बेळगाव)

उणे १२१ चा अर्थ बहुतेक वेळा असा, की आयटूसी बसवर (सेन्सरला हुकूम देण्याच्या वायरींवर) समोरून कुणी होकार दिला नाही. सेन्सर अजून झोपेतच आहे. त्याला जागं करण्याचा क्रम ठरलेला असतो: आधी वीज, मग क्लॉक, मग रीसेट सोडणं, मग थांबणं, आणि त्यानंतरच पहिलं वाचन.

रीसेटची चूक सर्वांत जास्त सापडते. कर्नलमध्ये जीपीआयओची (सॉफ्टवेअरने चालू-बंद करायच्या पिनची) किंमत १ म्हणजे ‘रीसेट लागू’, पिनवर जास्त व्होल्टेज नव्हे. पिन ॲक्टिव्ह-लो (व्होल्टेज खाली गेलं की लागू होणारी) असेल तर १ लिहिल्यावर ती खाली जाते आणि सेन्सर रीसेटमध्येच अडकून राहतो. सोडायला ० लिहा. दुसरी चूक घाईची. ओम्नीव्हिजनचे अनेक सेन्सर रीसेट सुटल्यावर ८,१९२ क्लॉक फेऱ्या मागतात. क्लॉक १९.२ मेगाहर्ट्‌झचा असेल तर हे होतात सुमारे ४२७ मायक्रोसेकंद. कोडमध्ये एक मिलिसेकंद थांबा, म्हणजे प्रश्न मिटला.

कोणती पिन कशाची हे अंदाजाने ठरवू नका. आयएनटी३४७२ च्या एसीपीआय तक्त्यात प्रत्येक पिनचा प्रकार हेक्समध्ये असतो: ०० रीसेट, ०१ पॉवरडाउन, ०बी वीज, ०सी क्लॉक, ०डी कॅमेऱ्याचा दिवा. तक्ता आपल्या लॅपटॉपचाच वाचा, कारण दुसऱ्या मॉडेलचा लागू पडेलच असं नाही. प्रोब मुळात सुरूच होत नसेल तर डीबगएफएस या कर्नलच्या तपासणीच्या फोल्डरमधली ‘डिव्हाइसेस-डिफर्ड’ फाइल उघडा. बहुधा आयएनटी३४७२ चं मॉड्यूलच लोड झालेलं नसतं.

ओव्ही२७४० चा आयडी हेक्स ३००ए पासून वाचतात. उत्तर २७४० आलं की अर्धा डोंगर चढलात. पुढचं काम गणिताचं. पिक्सेल दर = लिंक वारंवारता × २ × लेन (डेटाच्या वायरजोड्या) ÷ बिट (एका पिक्सेलचे). ३६० मेगाहर्ट्‌झ, २ लेन, १० बिट धरले तर सेकंदाला १४.४ कोटी पिक्सेल. फ्रेम दर = पिक्सेल दर ÷ ((रुंदी + एचब्लँक) × (उंची + व्हीब्लँक)). एचब्लँक आणि व्हीब्लँक म्हणजे ओळीच्या आणि फ्रेमच्या शेवटी सोडलेली रिकामी जागा. समजा ओळीची एकूण लांबी २,१६० आणि ओळी २,२२२, तर ३० फ्रेम येतात. पिक्सेल दर चुकीचा सांगितलात तरी चित्र येतं, म्हणून चूक लपून राहते. मग एक्स्पोजरची वेळ चुकते आणि उजेडाचा आपोआप होणारा हिशोब बिघडतो.

एक्स्पोजर, ॲनालॉग गेन, एचब्लँक, व्हीब्लँक आणि पिक्सेल रेट ही पाच कंट्रोल्स नसतील तर लिबकॅमेरा सेन्सर स्वीकारत नाही. चित्र उलटं येतं म्हणून फ्लिप केलंत आणि रंग जांभळट-हिरवे झाले, तर बेयरचा क्रम सरकलाय. फ्लिपनंतरचा क्रमच फॉरमॅटमध्ये सांगावा लागतो.

सिक्युअर बूट चालू असेल तर स्वतः बांधलेलं मॉड्यूल स्वाक्षरीशिवाय लोड होणार नाही. त्यासाठी ‘मॉकयुटिल’ने आपली की नोंदवा. मार्गदर्शकांना दाखवण्याआधी ‘व्हीफोरएलटू-कम्प्लायन्स’ आणि ‘चेकपॅच’ हे तपासणीचे प्रोग्रॅम चालवाच. त्यांच्या तक्रारी बारीकसारीक वाटतात, पण कर्नलचे लोक नेमक्या त्याच काढतात.

कॅमेऱ्याच्या खोक्यावर ७२०पी, ३० फ्रेम लिहिलंय. माझ्या प्रोग्रॅममध्ये १० च येतात. (चिकोडी)

तुमचा प्रोग्रॅम वाययूवायव्ही हा न दाबलेला फॉरमॅट मागतोय. एक फ्रेम १,२८० × ७२० × २ = १८,४३,२०० बाइट्स. यूएसबी २.० च्या आयसोक्रोनस (ठरावीक वेळेला डेटा नेणाऱ्या) वाहिनीवर एका उपकरणाला सेकंदाला जास्तीत जास्त २,४५,७६,००० बाइट्स मिळतात. भागाकार करा, १३ च्या वर फ्रेम बसतच नाहीत, म्हणून कंपनी १० ठेवते. एमजेपीईजी हा दाबलेला फॉरमॅट मागा, ३० मिळतील. ६४० × ४८० ला मात्र वाययूवायव्हीतही ३० बसतात.

दोन कॅमेरे एकत्र चालवताना ‘जागा उरली नाही’ अशी चूक आली तर यूव्हीसी मॉड्यूलला क्वर्क्स १२८ ही सेटिंग देऊन बघा. याचा उपयोग न दाबलेल्या फॉरमॅटलाच होतो.

ट्यूबलाइटखाली ऑनलाइन क्लास घेताना चित्रावर आडवे पट्टे सरकतात. दिवसा उजेडात काही नाही. (खानापूर)

आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून साध्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. कॅमेरा बहुधा ६० हर्ट्‌झवर लावलेला असतो. ‘व्हीफोरएलटू-सीटीएल’ या आज्ञेने पॉवर लाइन फ्रीक्वेन्सी १ करा. १ म्हणजे ५० हर्ट्‌झ, २ म्हणजे ६०. लॅपटॉप बंद-चालू केल्यावर ही सेटिंग जाऊ शकते, तेव्हा यूडेव्हच्या (उपकरण जोडताच आपोआप चालणाऱ्या) नियमात टाकून ठेवा.

बेळगावच्या विद्यार्थ्यानेही इकडे लक्ष द्यावं. सेन्सर ड्रायव्हरमध्ये एक्स्पोजर ओळींत मोजतात. वरच्या हिशोबात एक ओळ १५ मायक्रोसेकंदांची, म्हणजे ट्यूबच्या एका लुकलुकीच्या १० मिलिसेकंदांना ६६७ ओळी. एक्स्पोजर ६६७, १,३३३ किंवा २,००० ओळींचं ठेवलं तर पट्टे दिसत नाहीत.