पाया खोदताना निघाले फवारणीच्या औषधांचे डबे

प्रश्न : निफाड तालुक्यात दोन वर्षांपूर्वी एका बागायतदाराकडून २० गुंठे बिनशेती जागा घेतली. आधी तिथे द्राक्षबाग होती. गेल्या महिन्यात पाया खोदताना जेसीबीला गंजलेले डबे आणि पिंपं लागली, उग्र वास सुटला. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट १२० आलं. विकणारा म्हणतो, ‘आहे त्या स्थितीत घेतली असं खरेदीखतात लिहिलंय, माती परीक्षणही तुम्हीच केलंत.’ दावा करता येईल का? आम्ही तिथेच तात्पुरत्या खोलीत राहतो, घरात पाच महिन्यांचं बाळ आहे.

उत्तर : दाव्याचं नंतर पाहू. बाळाला ते पाणी आजच बंद करा. उकळून देऊ म्हणाल, तर पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. वरचं दूध अशा पाण्यात कालवलं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते. डॉक्टरांनाही अहवाल दाखवा.

दावा करता येईल, पण तो नायट्रेटवर उभा करू नका. नायट्रेट शेजारच्या बागेच्या खतातून येतं, शौचालयाच्या टाकीतूनही येतं. आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, पाणी मुरुमातून आणि भेगांतून कुठून कुठे जातं हे वरून कळत नाही. समोरचा वकील पहिल्याच उलटतपासणीत ‘हे माझ्या अशिलामुळेच कशावरून?’ विचारेल. पिंपांचं तसं नाही. ती कोणीतरी खड्डा करून पुरली आहेत.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष त्याने सांगायलाच हवा. न सांगणं ही फसवणूक ठरते. ‘आहे त्या स्थितीत’ या कलमाचा आधार तो घेणारच, कारण ५५ मधली कर्तव्यं कराराने बदलता येतात. पण मुद्दाम लपवलेल्या गोष्टीला अशी मोघम ओळ पुरते, हे न्यायालयाच्या गळी उतरवणं त्याला जड जाईल. विहिरीबद्दल मात्र ‘पाणी आधी का तपासलं नाहीत?’ हा प्रश्न तुम्हाला येईल.

म्हणजे सगळं येऊन थांबतं त्याला माहीत होतं का, यावर. इथे डब्यांची लेबलं कामाला येतात. कीटकनाशकाच्या लेबलवर बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असते, आणि तयार होण्याआधी डबा कोणी पुरू शकत नाही. ती तारीख जुन्या फेरफाराशी आणि सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीशी ताडून पाहा. बाग त्याच्याच नावावर असतानाच्या तारखा निघाल्या, तर ‘मला काय ठाऊक’ म्हणणं त्याला अवघड. त्याने स्वतःच अलीकडे जमीन घेतलेली असेल, तर मी तुम्हाला खटल्याआधी तडजोडच सुचवेन.

माती परीक्षणाचा बाऊ करू नका. शेतकऱ्यांसाठीच्या प्रयोगशाळेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं पाहतात. कीटकनाशकांचे अवशेष त्यात येतच नाहीत. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत ते कीटकनाशकांच्या नावानिशी मागा. जुन्या कीटकनाशकांपैकी डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्ये, बीएचसी १९९७ मध्ये आणि एंडोसल्फान २०११ मध्ये बंद झालं, पण यातली पहिली दोन तर मातीत दशकानुदशकं टिकतात. बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणातल्या मोरचुदाचं तांबं द्राक्षाच्या जमिनीत सापडणारच. ते बहुतेक वरच्या थरात अडकून राहतं, त्यावर भर देऊ नका.

नमुने पिंपांखालून वेगवेगळ्या खोलीचे, आणि तुलनेसाठी लांबच्या कोपऱ्यातले घ्या. पाणी तुमच्या विहिरीचं आणि शेजाऱ्याच्या विहिरीचंही घ्या. विकणाऱ्याला आधी लेखी कळवा, पंचांसमोर सील करा, फोटो काढा. तरीही हा अहवाल तुमचाच म्हणून तो नाकारेल. म्हणून दावा दाखल करतानाच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम १०-अ खाली शास्त्रीय तपासणीसाठी कमिशनर, म्हणजे न्यायालयाने नेमलेला तपासनीस, नेमण्याचा अर्ज द्या. कमिशनरचा अहवाल पुराव्यात वाचला जातो.

पिंपं तुम्ही हलवू नका. ओढ्याकाठी नेऊन टाकलीत तर ओढ्या-विहिरीत प्रदूषक टाकायला मनाई करणारं जल अधिनियम, १९७४ चं कलम २४ तुमच्यावरच उलटेल. प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवून पोच घ्या. असा माल रांजणगाव किंवा तळोज्याच्या घातक कचरा प्रकल्पात जातो.

बांधकामही थांबवा. दोष कळल्यावर भिंती चढवत राहिलात तर ‘व्यवहार मान्य केला’ असं म्हणतील, आणि खरेदीखत रद्द करून पैसे परत मागण्याचा रस्ता बंद होईल; मग फक्त नुकसानभरपाई उरते. खरेदीखत रद्द करण्याची मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं आहे. पुण्यातल्या हरित न्यायाधिकरणाकडे भरपाई आणि जमीन पूर्ववत करण्यासाठी पाच वर्षांत जाता येतं, पण तिथली मुदत दाव्याचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून मोजतात आणि पिंपं जुनी असतील तर वाद तिथेच सुरू होईल. म्हणून मी आधी निफाडच्या दिवाणी न्यायालयाची वाट धरेन. खरेदीखत, बिनशेतीचा आदेश, पाण्याचा अहवाल आणि डब्यांचे फोटो घेऊन या आठवड्यातच स्थानिक वकिलाकडून नोटीस काढा.