वाचक विचारतात : नवीन वाइड मॉनिटरवर गणपती रुंद का दिसतोय?

प्रश्न : मी इचलकरंजीत घरीच डीटीपीचं काम करते, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, फ्लेक्स वगैरे. गेल्या महिन्यात सेकंडहँड २९ इंची अल्ट्रावाइड मॉनिटर घेतला, २५६० बाय १०८० चा. जुन्या लॅपटॉपला एचडीएमआयनं जोडला तर सगळं आडवं ताणलेलं दिसतंय, पत्रिकेवरचा गणपती रुंद झालाय, अक्षरं पसरलीत. विकणारा म्हणतो लॅपटॉप बदला. खरंच बदलावा लागेल का?

उत्तर : ताई, लॅपटॉप बदलायची घाई अजिबात करू नका. आधी एवढं करा, पेंटमध्ये शिफ्ट दाबून धरून एक मोठं वर्तुळ काढा आणि मुलांच्या कंपासमधली पट्टी सरळ स्क्रीनला लावून मोजा. उभं ९ सेंटीमीटर आणि आडवं १२ भरलं तर समजा की लॅपटॉप १९२० बाय १०८० चंच चित्र पाठवतोय आणि मॉनिटर ते ओढून २५६० ठिपक्यांवर पसरवतोय, १९२० चे २५६० म्हणजे तिनाचे चार, तसेच नवाचे बारा. मॉनिटर बिघडलेला नाही, त्याला मिळतंयच कमी.

आणि हे ठीक होईपर्यंत कृपा करून नजरेच्या अंदाजानं गणपती बारीक करू नका! फाइल बरोबरच आहे, तुम्ही तिथे दाबून बारीक केलात तर छापून येताना खरोखरच लांबट येईल आणि पत्रिका वाया जातील. तोवर मॉनिटरच्या बटणांनी त्याचा मेन्यू उघडून ‘वाइड’ किंवा ‘फुल’ च्या जागी ‘ॲस्पेक्ट’ निवडा (काही मॉनिटरवर ‘ओरिजिनल’ लिहिलेलं असतं), दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील पण गोल ते गोल दिसेल.

आता खरं कारण. बहुतेक वेळा ते डुप्लिकेट मोडमध्ये असतं, म्हणजे दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र दाखवण्यात. डुप्लिकेटमध्ये दोन्ही स्क्रीनला एकच रिझोल्युशन (आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या) चालावं लागतं, मग विंडोज लॅपटॉपच्या स्क्रीनला झेपेल तेच धरतं आणि मॉनिटरची जास्तीची रुंदी तशीच राहते. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा, ‘एक्स्टेंड’ किंवा ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ घ्या, मग सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे जाऊन वर मॉनिटरच्या चौकोनावर क्लिक करा (हे राहून जातं आणि माणूस लॅपटॉपचंच रिझोल्युशन बदलत बसतो) आणि खाली २५६० बाय १०८० निवडा. खात्रीसाठी ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून बघा, तिथे ‘ॲक्टिव्ह सिग्नल’ समोरसुद्धा तोच आकडा पाहिजे.

यादीत २५६० दिसतच नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टर बघा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ असं लिहिलं असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच (ते चालवणारं सॉफ्टवेअर) बसलेला नाही, लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा टाका. मध्ये व्हीजीएचा कन्व्हर्टर लावलेला असेल तर तो काढून सरळ केबल लावा, ते बहुतेक १९२० बाय १०८० पर्यंतच जातात.

एवढं करूनही नाहीच आलं तर मग जुन्या लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टचा प्रश्न. बऱ्याच जुन्या पोर्टांची मजल सेकंदाला १६ कोटी ५० लाख ठिपक्यांपर्यंतच असते आणि २५६० गुणिले १०८० गुणिले ६० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र) केलं तर १६ कोटी ५९ लाख होतात, वर सिग्नलला लागणारी मोकळी जागा वेगळी, म्हणजे थोडक्यासाठी अडतं. पण ५० हर्ट्झला हेच १३ कोटी ८२ लाख होतात आणि मोकळी जागा धरूनही ते बसतं! म्हणून ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कस्टम रिझोल्युशन शोधा, २५६०, १०८० आणि ५० हर्ट्झ भरा. पत्रिकेच्या कामाला ५० आणि ६० मधला फरक जाणवत नाही. स्क्रीन काळी पडली तर घाबरू नका, काही सेकंद थांबलात की विंडोज बहुतेक वेळा आपणहून मागच्या सेटिंगवर येतं. लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट असेल तर मात्र हे सगळं सोडा आणि तीच केबल लावा, तिथे ही अडचण येत नाही.

प्रश्न : माझ्या अल्ट्रावाइडवर डेस्कटॉप बरोबर दिसतो पण यूट्यूबला दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. कोणती सेटिंग चुकलीय?

उत्तर : कोणतीच नाही. बहुतेक व्हिडिओ १६:९ चे असतात आणि तुमची स्क्रीन २१:९ ची, मग बाजूची जागा रिकामी राहणारच. ती भरायला व्हिडिओ ताणलात तर माणसं जाड दिसतील आणि झूम केलात तर वरचं खालचं कापलं जाईल, सबटायटलसकट. बरेचसे सिनेमे २.३९:१ मध्ये काढलेले असतात, तसा एखादा नीट अपलोड केलेला असला तर तुमची स्क्रीन जवळजवळ पूर्ण भरेल.